पदकामागचा माणूस

२३ डिसेंबर २०१७ रोजी राजौरी जिल्ह्यातील केरी विभागात, नियंत्रण रेषेवर, पवनीचे सुपुत्र मेजर प्रफुल्ल मोहरकर आपल्या जवानांसह धारातीर्थी पडले. सावित्रीबाई खानोलकरांनी रेखाटलेल्या परमवीर चक्रावर इंद्राची वज्रे आहेत; दधीचीने देह दिला, म्हणून वज्र घडले, असे पुराण सांगते. परंतु कोणतेही पदक पराक्रमाचा क्षण सांगते, आयुष्य नव्हे. ते शाळेच्या हजेरीपटात, शेजाऱ्यांच्या आठवणींत विखुरलेले असते. पवनीच्या प्राचीन स्तूपाच्या शिळांवर सामान्य दात्यांची नावे दोन सहस्र वर्षे टिकली, कारण कोणीतरी ती कोरली. जिल्ह्यातील हुतात्म्यांची चरित्रे लिहिण्याचे कार्य शिक्षक-विद्यार्थ्यांनी आताच हाती घ्यावयास हवे. आठवणी सांगणारी माणसे कायम राहत नाहीत.