कोबीची सोयरीक

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या अर्ध्या एकरातला कोबी सडला. आधी पानांच्या कडेला पाचरीसारखे पिवळे डाग पडले, मग शिरा काळ्या झाल्या आणि शेवटी गड्ड्यांनाच दुर्गंधी सुटली. ह्याला घाण्या रोग म्हणतात. बियाण्याची उधारी अंगावर राहिली. आप्पा म्हणाले, "तू कॉलेजात जातोस ना? तुझ्या पुस्तकांत ह्यावर काही सापडतंय का बघ." आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझी पुस्तके साहित्याची आणि इतिहासाची! तरीही ग्रंथालय गाठले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

घाण्या हा जीवाणूंचा रोग. तो बियाण्यातून येतो, पानांच्या कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि शिरांत पसरतो. तिथे पोचल्यावर फवारणीने रोप बरे होत नाही. म्हणून रोपातच प्रतिकारशक्ती हवी. फुलकोबी व नवलकोल ही कोबीची सख्खी भावंडे. पण घाण्या त्यांनाही सोडत नाही. मग शास्त्रज्ञ भाऊबंदांकडे वळले.

हे नातेगोते १९३५ साली जपानमध्ये नागाहारू ऊ ह्यांनी उलगडले. काळ्या मोहरीत गुणसूत्रांच्या ८ जोड्या, कोबीत ९. ह्या दोघींच्या नैसर्गिक संकरातून १७ जोड्यांची इथिओपियाची मोहरी झाली. तिच्या काही वाणांत घाण्याला तोंड देण्याची ताकद आहे.

पण ही सोयरीक सहज जुळत नाही. रशियात कार्पेचेंको ह्यांनी १९२० च्या दशकात मुळा व कोबी ह्यांचा संकर केला. खाली मुळा आणि वर कोबी मिळावा, ही आशा; हाती आले ते ना धड मुळा, ना धड कोबी. इथिओपियाच्या मोहरीचे पराग कोबीवर्गाच्या फुलाला दिले, तर गर्भ धरतो, पण पोषणाअभावी शेंगेतच मरतो. म्हणून तो कोवळा असतानाच काढून काचेच्या नळीत पोषक द्रव्यांवर वाढवतात. त्या रोपाचा पुन्हा पुन्हा मूळ भाजीशीच संकर करतात. दर पिढीत मोहरीचा अंश साधारण निम्म्याने घटतो. मात्र प्रत्येक पिढीला मुद्दाम रोग लावून, जी रोपे टिकतील तीच पुढे न्यावी लागतात. ह्यात वर्षे जातात.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ह्याच वाटेने हा गुण फुलकोबीत उतरवण्यात आला; ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे सारे आप्पांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे औषध नाही, घराणंच बदलायचं. पण तोवर आम्ही काय करायचं?" त्याचेही उत्तर मिळाले होते : बी ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २५ मिनिटे ठेवावे आणि त्या वाफ्यात दोन-तीन वर्षे कोबी, मुळा, मोहरी घेऊ नये.

यंदा तिथे मेथी आहे. आप्पांनी मला पुन्हा विचारले नाही. पण शेजारच्या काकांना पाण्याचे माप सांगताना मी त्यांना ऐकले.