जिनिव्हाचं पाणी हिंदकळतं तेव्हा

इ.स. 563. आल्प्समध्ये, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात तौरेदुनुम नावाचा डोंगर कोसळला आणि तिथून कितीतरी दूर, जिनिव्हा सरोवराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या जिनिव्हा शहरात पाणी घुसलं. पूल गेला, पाणचक्क्या गेल्या, माणसं बुडाली. अव्हांशचा बिशप मारियुस यानं हे लिहून ठेवलंय. समुद्राचा पत्ता नाही आणि त्सुनामी? बिशपमहाशयांनी पदरचा मजकूर घातला असेल, असंच कुणालाही वाटावं.

पण पुरावा तळाशी पडून होता. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्वनिलहरींनी तळ तपासला, तेव्हा 10 किलोमीटरहून लांब, 5 किलोमीटर रुंद आणि सरासरी 5 मीटर जाडीचा गाळाचा थर सापडला. 2012 मध्ये त्यांनी उलगडा मांडला: दरडीच्या दणक्यानं ऱ्होनच्या मुखाशी साचलेला गाळ पाण्याखाली घसरला आणि त्यानं लाट उठवली. त्यांच्या गणितानुसार ती लोझानला 13 मीटर, तर जिनिव्हाला 8 मीटर उंच होती. तिथवर पोचायला तिला जेमतेम 70 मिनिटं लागली. ऱ्होन आजही त्याच मुखाशी गाळ आणून टाकते आहे.

हिमनद्यांनी कोरलेलं हे चंद्रकोरीसारखं सरोवर 580 चौरस किलोमीटर पसरलंय, 310 मीटर खोल आहे. दक्षिण काठ बहुतेक फ्रान्सचा, बाकीचा स्वित्झर्लंडचा.

दरड नसली तरी हे पाणी स्वस्थ बसत नाही. वादळ किंवा हवेचा दाब एका बाजूला पाणी रेटतो. तो जोर ओसरला, की परात हलवल्यावर हिंदकळावं तसं अख्खं सरोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलू लागतं. एका झोक्याला सव्वा तासाच्या आसपास! काठावरचे लोक याला 'सेश' म्हणत. 1841 मध्ये तर जिनिव्हात पाण्याची पातळी दोनेक मीटरनं वरखाली झाली.

त्याच वर्षी मोर्ज गावी फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल जन्मला. पेशानं वैद्यकाचा प्राध्यापक, पण जीव सगळा या पाण्यात. त्यानं सेश मोजली, तिचं कोडं सोडवलं, सरोवरावर तीन जाडजूड खंड लिहिले. आणि 1854 मध्ये, याच मोर्जजवळ, आडोल्फ फॉन मोर्लो नावाचा संशोधक डोक्यावर घरगुती बनावटीचं शिरस्त्राण चढवून पाण्यात उतरला. बोटीतून पंपानं हवा सोडायची आणि त्यानं तळाशी कांस्ययुगीन घरांचे खांब शोधायचे, असा तो उद्योग! तेव्हा फोरेल 13 वर्षांचा होता. त्याला सरोवराचं वेड कुठून लागलं असेल, याचा अंदाज मी माझ्यापुरता बांधून ठेवला आहे.