चांदीचे सुगंधी मनोरे

यहुदी धर्मात शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस होय. त्याला 'शब्बाथ' म्हणतात. शुक्रवारच्या सूर्यास्ताबरोबर तो सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसू लागले की संपतो. या काळात धर्मनिष्ठ यहुदी आपला उद्योग बंद ठेवतात. कोकणातील बेने इस्राएल लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले.

हा प्रिय दिवस सरताना मनाला हुरहुर लागते. ती शांत व्हावी म्हणून निरोपाच्या विधीत लवंग, दालचिनी अशा सुवासिक द्रव्यांचा वास घेतात. ही द्रव्ये ठेवण्यासाठी चांदीची सुंदर पात्रे घडविली जात. मध्य व पूर्व युरोपात त्यांना बहुधा मनोऱ्याचा आकार देत. मनोऱ्याला चिमुकली दारे-खिडक्या असत आणि शिखरावर इवलेसे निशाण असे.

प्रदेशाप्रमाणे घडणही बदले. जर्मनीतील कारागिरांचे संघ यहुद्यांना सभासद करून घेत नसत. त्यामुळे तेथील पुष्कळ मनोरे ख्रिस्ती कारागिरांनी घडविले. एका धर्माची पूजावस्तू दुसऱ्या धर्माच्या हातांनी सजली! पूर्व युरोपात तारकाम विशेष बहरले. कारागीर चांदीची बारीक तार ओढीत, ती पिळून तिच्या वेली व वेटोळी करीत आणि ती तापवून एकमेकांस जोडीत. अशा नाजूक जाळीतून आतला सुगंध सहज बाहेर दरवळे.

या वस्तूंवर पुढे मोठे संकट आले. नाझी अमलाखाली १९४२ पासून बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील १५३ यहुदी वस्त्यांच्या पूजावस्तू प्राग येथील यहुदी संग्रहालयात आणण्यात आल्या. संग्रहालयातील यहुदी सेवकांनी मृत्यूच्या छायेत बसून त्यांची काळजीपूर्वक नोंद केली. पुढे त्यांच्यापैकी बहुतेकांना छळछावण्यांत धाडण्यात आले. त्या प्रांतांतील सुमारे ८०,००० यहुदी प्राणास मुकले. वस्तू उरल्या, त्या वापरणारी माणसे उरली नाहीत.

आज प्रागच्या संग्रहालयात त्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. चांदीचे मोल तराजूत ठरते. पण या वस्तूंचे मोल त्या जपणाऱ्या माणसांच्या निष्ठेने ठरले आहे.