विहिरींतलें पोहणें आणि समुद्राची ओढ

मुखेडसारख्या गांवीं मूल पोहावयास शिकतें तें बहुधा विहिरींत. पाठीस भोपळा बांधून काका-मामा त्याला पाण्यांत सोडतात, आणि थोड्याच दिवसांत घरच्या मंडळींना वाटूं लागतें कीं, याला आतां पाण्याचें भय उरलें नाहीं. पुढें दिवाळीच्या सुटींत सारें कुटुंब गणपतिपुळ्यास जातें. देऊळ अगदीं समुद्रकांठीं. दर्शन होतांच मुलें पाण्याकडे धांवतात. त्या घटकेविषयीं आम्हांस आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

विहिरीच्या पाण्यास ओढ नसते. समुद्राच्या पाण्यास असते. लाटांबरोबर किनाऱ्याकडे चढलेलें पाणी परतीची वाट शोधतें. पाण्याखालच्या वाळूच्या बांधास जेथें खिंड असेल, तेथून तें अरुंद पट्ट्यानें वेगानें आंत जातें. अशा जागीं लाटा फारशा फुटत नाहींत, पाणी काळसर व शांत दिसतें, फेंस आणि गढूळ वाळू समुद्राकडे वाहत असते. नवख्यास मात्र स्नानाला तीच जागा बरी वाटते!

समुद्रास परकीं अशीं माणसें किती सहज फसतात, याचे दाखले दूरचे नाहींत. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुड-जंजिरा येथें पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजीं मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवच्या सहलींतील ८ जण दगावले.

या ओढीचा वेग सेकंदास २ मीटरांपर्यंत जाऊं शकतो. तिच्याविरुद्ध पोहूं गेल्यास पट्टीचा पोहणाराही थकतो, आणि थकवा हाच खरा घातक. लेंडी-मन्याडच्या कांठचीं जाणतीं माणसें सांगतात कीं, पुरास छाती देऊं नये, तिरकें जाऊन कांठ गांठावा. समुद्रींही नियम तोच. ओढ माणसाला तळाशीं नेत नाहीं, केवळ आंत नेते. म्हणून घाबरूं नये. उताणें पडून तरंगावें, हात वर करून हांक द्यावी, किनाऱ्यास समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावें आणि मग तिरकें परतावें.

बुडत्यास पाहून घरचींच माणसें मागोमाग उडी घेतात व एकाचे दोन होतात. त्यापेक्षां दोर, फुगविलेली रबरी नळी, झांकण लावलेला रिकामा डबा, जें तरंगेल तें फेंकावें, कोळीबांधवांस हांक मारावी, ११२ या क्रमांकास कळवावें. बाहेर काढलेल्या माणसाला उलटें टांगून वा पोट दाबून पाणी काढण्याचा प्रयत्न करूं नये. श्वास बंद असल्यास तो तत्काळ तोंडानें द्यावा.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत. तेथें लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येंच स्नान करावें. लाल निशाण दिसल्यास पाण्यांत उतरूंच नये. जेथें निशाण नाहीं, तेथें आधीं गांवकऱ्यांस विचारावें. पावसाळ्यांत समुद्र दुरूनच पाहावा. लहान मुलें घोट्याएवढ्या पाण्यांतच, आणि वडिलांच्या हाताच्या अंतरावर असावींत.

घरून निघतांना गाडींत बसलेलीं माणसें आपण मोजतों. परत निघतांना ती संख्या तितकीच भरावी, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.