थकलेल्या स्नायूतील हरवलेली प्रथिने

मैदानावर दुसऱ्याच फेरीत खाली बसणाऱ्या मुलास आळशी ठरविणे सोपे असते. आम्हा शिक्षकांकडूनही ही चूक घडते. अशा थकव्यामागे, क्वचित का होईना, स्नायूच्या पेशीतील खराखुरा बिघाड असू शकतो. तो समजून घेण्यासाठी हे टिपण.

अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे काम तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, करतात. १९६२ मध्ये स्वीडनमधील डॉ. रॉल्फ लुफ्ट यांनी तंतुकणिकांच्या बिघाडाचा पहिला रुग्ण जगापुढे मांडला. पुढच्याच वर्षी तंतुकणिकांत स्वतःचा डीएनए असल्याचे दिसून आले, आणि १९८१ मध्ये केंब्रिज येथे मानवी तंतुकणिकेच्या डीएनएचे वाचन पूर्ण झाले. त्यात अवघी ३७ जनुके आहेत. त्यांपैकी १३ जनुकांवरून प्रथिने घडतात. ऊर्जानिर्मितीच्या पाच प्रथिन-संकुलांपैकी पहिल्यात यांतील ७, तिसऱ्यात १, चौथ्यात ३ व पाचव्यात २ प्रथिने असतात. दुसरे संकुल मात्र सर्वस्वी केंद्रकातील जनुकांवर अवलंबून असते.

निदानाची एक महत्त्वाची खूण याच भेदात आहे. स्नायूच्या पातळ कापावर चौथ्या संकुलाचे कार्य तपकिरी रंगाने व दुसऱ्याचे निळ्या रंगाने दाखविता येते. निरोगी तंतू तपकिरी दिसतो; चौथे संकुल ढासळलेला तंतू निळा उरतो. एकाच स्नायूत असे दोन तंतू शेजारी-शेजारी आढळतात, कारण प्रत्येक तंतूत या डीएनएच्या असंख्य प्रती असतात आणि सदोष प्रतींचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तरच प्रथिने घटतात. उणीव भरून काढण्यासाठी काही तंतू अधिक तंतुकणिका निर्माण करतात. त्या कडेला साचून, गोमोरी रंगपद्धतीत लाल, फाटक्या किनारीसारख्या दिसतात. संख्या वाढते, हरवलेली प्रथिने मात्र परत येत नाहीत.

हा डीएनए आईकडून येतो, म्हणून दोष आईच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. कित्येक बिघाड केंद्रकातील जनुकांतून, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही येतात. काही नव्यानेच उद्भवतात.

बहुतेक प्रकारांत आजार समूळ बरा करणारे औषध आज नाही. तथापि निदान झाल्यास योग्य व्यायाम ठरविता येतो, हृदय, डोळे व कान यांची वेळोवेळी तपासणी होते आणि घातक ठरू शकणारी औषधे टाळता येतात. प्रत्येक थकवा हा आजार नसतो. परंतु वारंवार थकणाऱ्या मुलास रागावण्यापूर्वी डॉक्टरांकडे नेणे, एवढे तरी आपण सर्वांनी करावे.