जुनी शिडाची होडी घेताना नवशिक्याने काय तपासावे?

शीड हाताळायला शिकलं की पुढचा प्रश्न येतोच: स्वतःची होडी घ्यायची, तर कोणती? बहुतेकांचा डोळा केबिनच्या मोठ्या बोटीवर असतो. पण तिच्याबरोबर नांगरायची जागा, इंजिन, दरवर्षी तळ घासून रंगवणं, हे सगळं घरी येतं. शिकणाऱ्याला गरज असते ती वरचेवर पाण्यात जाण्याची. म्हणून पहिली होडी अशी घ्या, की जिचे दोष किनाऱ्यावरच सापडतील आणि जिचे सुटे भाग मिळतील.

उदाहरण म्हणून लेझर घेऊ. हल्ली तिला इल्का म्हणतात. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही एका माणसाची होडी १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. लांबी ४.२३ मीटर, नुसत्या अंगाचं वजन सुमारे ५९ किलो. ती चटकन कलंडते हे खरं, पण एकट्याला पुन्हा सरळही करता येते. शिवाय त्याच होडीवर तीन आकारांची शिडं बसतात: साधारण ४.७, ५.७ आणि ७ चौरस मीटर. फक्त डोलकाठीचा खालचा तुकडा बदलावा लागतो. वजनाने हलक्या माणसाने सुरुवात लहान शिडाने करावी.

आता तपासणी. पहिली, डोलकाठीची खोबण. शिडावरचा वाऱ्याचा जोर इथे येतो. खोबण खचली तर काठी डेक फाडून आडवी होते, आणि तीही नेमकी जोराच्या वाऱ्यात, किनाऱ्यापासून लांब. म्हणून खोबणीत काठोकाठ पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली, तर पाणी होडीच्या पोटात जातंय.

दुसरी, वजन. पुढे एक, मागे एक असे दोन वजनकाटे ठेवा आणि बेरीज करा. फिटिंग्जचे दोन-चार किलो समजू शकतो. दहा किलो जास्त भरले, तर आत पाणी आहे किंवा फोमने ते शोषलंय. आपल्या किनाऱ्यावर होडी पावसाळाभर जमिनीवर पडून असते. तेव्हा ती झाकलेली होती का, बूच काढून तिरकी ठेवली होती का, हे मालकाला जरूर विचारा.

तिसरी, डेक. तळव्याने दाबत चला. कुठे लिबलिबीत लागलं, तर आतले थर सुटलेत.

चौथी, डोलकाठी. दोन्ही तुकडे सपाट फरशीवर लोळवा. वाकलेला तुकडा लगेच कळतो. शीड मऊ पडलं असेल तर सरावाला चालतं, पण किंमत त्या हिशेबाने ठरवा.

(श्रोत्यांतून प्रश्न: खोबण गळत असेल तर होडी सोडूनच द्यायची का?)

तसं नाही. भोवतीचा डेक घट्ट असेल, तर फायबरचं काम जाणणारा माणूस ती दुरुस्त करू शकतो. आधी होडी पूर्ण वाळवावी लागते. तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. पण खोबण गळते आणि भोवतालचा डेकही मऊ आहे, असं दिसलं तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि लाइफ जॅकेटचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा.