कपाटाची किल्ली आणि तोंडाचं कुलूप

मैत्रिणींनो, संध्याकाळी नवरा दमून घरी आला, हातपाय धुऊन चहाला बसला, की तुम्ही काय विचारता? "आज ऑफिसात काय विशेष?" हेच ना? लग्नानंतर सहा महिने मीही नेमानं विचारत असे. उत्तर ठरलेलं, "काही नाही, नेहमीचंच." आधी वाटलं, स्वभावच अबोल असेल. मग वाटू लागलं, माझ्याशी बोलावंसंच वाटत नसेल. माहेरी गेल्यावर आईपाशी रडूनही झालं. आमचे हे देवळाली कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत आहेत आणि गोपनीय कागद सांभाळणं हे त्यांचं काम आहे, एवढं मला ठाऊक होतं. पण असं काम करणारा माणूस घरी येताना निम्मी जीभ कचेरीतच ठेवून येतो, हे मात्र बघण्याच्या कार्यक्रमात कुणी सांगितलं नव्हतं!

(कचेरी कुठली ते लिहीत नाही. लेख पाठवण्यापूर्वी यांनी वाचला आणि दोन ओळी खोडल्या. त्या कुठल्या, ते विचारू नका.)

देवळाली तुमच्यापैकी पुष्कळजणींना हवापालटाचं ठिकाण म्हणून माहीत असेल. लॅम रोड, सॅनेटोरियमं, पलीकडे सावरकरांचं भगूर. पण इथला खरा कारभार तोफांचा. तोफखान्याचं शिक्षण देणारी स्कूल ऑफ आर्टिलरी १९२३ मध्ये काकूलला, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, सुरू झाली आणि १९४१ मध्ये देवळालीला आली. सराव चालू असला की माझ्या मांडणीवरचे डबे खुळखुळतात, आणि शाळेत पानिपत शिकवताना मला मधेच थांबावं लागतं. मुलं हसतात. त्याच १९२३ साली इंग्रजांनी शासकीय गुपितांचा कायदा केला, ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट. स्वातंत्र्यानंतर त्यात दुरुस्त्या झाल्या, पण कायदा तोच राहिला. संरक्षणाच्या बाबतीत हेरगिरी केली तर चौदा वर्षांपर्यंत कैद. आणि ज्याच्या ताब्यात गुप्त कागद आहे त्यानं तो नीट सांभाळला नाही, नुसता निष्काळजीपणा केला, तरीही तो गुन्हाच, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. हे कलम वाचल्यापासून यांची किल्ली जागेवर आहे की नाही, ते मीच रात्री दोनदा बघते.

तर हे काम असतं कसं? मला आपलं वाटायचं, काळा चष्मा, बंद मोटार, असलं काहीतरी असेल. प्रत्यक्षात हे काम आपल्या कोठीघरासारखं आहे. सरकारी कागदांचे दर्जे ठरलेले असतात : रिस्ट्रिक्टेड, कॉन्फिडेन्शियल, सिक्रेट आणि सगळ्यात वरचा टॉप सिक्रेट. जसा दर्जा तशी त्याची बडदास्त. वरच्या दर्जाच्या कागदाच्या प्रती मोजून काढायच्या, प्रत्येक प्रतीला नंबर द्यायचा, कुठली प्रत कुणाकडे गेली ते वहीत लिहून सही घ्यायची. पाठवताना पाकिटात पाकीट. आतल्यावर दर्जा लिहून शिक्कामोर्तब, बाहेरच्यावर नुसता पत्ता, म्हणजे वाटेतल्या कुणाला आत काय दडलंय याचा वासही लागू नये. नको झालेला कागद साक्षीदारासमोर जाळायचा किंवा यंत्रात घालून त्याचा चुरा करायचा. पूर्वी टंकलेखनाचे कार्बनसुद्धा जाळत. ज्या संगणकावर असं काम चालतं त्याला इंटरनेट नसतं, आणि मोबाइल बाहेर जमा करावा लागतो.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम मला फार आवडला. माणूस कितीही मोठा असो, ज्याच्या कामाला जेवढं लागतं तेवढंच त्याला कळायचं. साहेबाचा हुद्दा मोठा म्हणून कपाट उघडत नाही. सासूबाई आमचा दागिन्यांचा डबा असाच सांभाळायच्या!

आणखी एक गंमत. शेजारपाजारची मुलं वडिलांच्या कचेरीतून आलेल्या पाठकोऱ्या कागदांवर गणितं सोडवायची. आमच्या घरी असा एक कागद कधी आला नाही. मुलगी कुरकुरायची, मलाही हा कद्रूपणा वाटायचा. पुढे कळलं की पाठकोऱ्याची पुढची बाजू कोरी नसते.

तुम्ही म्हणाल, एवढा बाऊ कशाला? जानेवारी १९८५ मधलं दिल्लीतलं कुमार नारायण प्रकरण तुमच्या आईला आठवत असेल. खुद्द पंतप्रधानांच्या कचेरीतले स्वीय सहायक आणि कारकून पैशासाठी आणि दारूच्या बाटल्यांसाठी फायली बाहेर देत, त्यांच्या झेरॉक्स निघत आणि फायली परत जागेवर येत. फाइल जागेवर, म्हणून कुणाला संशय नाही. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी राजीनामा दिला, कारण त्यांच्या हाताखालची माणसं त्यात सापडली होती. न्यायालयानं आरोपींना शिक्षा सुनावली ती २००२ मध्ये, सतरा वर्षांनी. या सगळ्यात सेनापती किंवा शास्त्रज्ञ कुणी नव्हता. ज्यांच्या हाती फायलींची ने-आण असते अशी, आमच्या यांच्यासारखी, साधी नोकरदार माणसं होती. हे प्रकरण यांनीच मला सांगितलं, आणि यांचा पगार सोडून यांच्या कामाबद्दल मला कळलेली ती पहिली गोष्ट.

आता झेरॉक्सचीही गरज उरलेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आमच्या कॅम्पातच एका मजुराला अटक झाली. लष्करी हद्दीतले फोटो मोबाइलवर काढून पाकिस्तानातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले, असा त्याच्यावर आरोप होता. त्याच महिन्यात ओझरच्या विमान कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला दहशतवादविरोधी पथकानं पकडलं. मे २०२३ मध्ये तर पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेच्या एका प्रयोगशाळेचे प्रमुखच अटकेत गेले. मोबाइलवर गोड बोलणाऱ्या एका बाईच्या जाळ्यात अडकून माहिती दिली, असा त्यांच्यावर आरोप ठेवला गेला. असं काही छापून आलं की आमच्या आळीत आठवडाभर कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी मात्र त्या घरांतल्या बायकांचा विचार करत बसते. त्यांना काय माहीत असणार? काहीच नाही. आणि भाजी आणायला तर त्यांनाच बाहेर पडायचं असतं.

खरं सांगायचं तर मी स्वतःही एकदा घसरले आहे. तीन वर्षांपूर्वी दुपारी शाळेतून आले, कुकर लावला, तोच फोन वाजला. पलीकडचा माणूस अगदी आदबीनं हिंदीत बोलत होता, "भाभीजी, क्वार्टरच्या नोंदी तपासतोय." यांचं नाव त्याला माहीत होतं. मग साहेबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. साहेब सध्या इथेच आहेत ना? मी म्हटलं, नाही, बाहेरगावी गेलेत. कधी येणार, असं त्यानं विचारलं तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि का कोण जाणे, मी फोन ठेवला.

संध्याकाळी सहज बोलता बोलता हे यांना सांगितलं. कपातला चहा तसाच टाकून हे उठले आणि सायकल काढून परत कचेरीत गेले. रात्री साडेदहाला आले. मी दारातच उभी होते. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "तुझं नाव लिहून द्यावं लागलं." दुसऱ्या दिवशी मला बोलावून आवाज कसा होता, नंबर कुठला, नेमकं काय काय सांगितलं, ते सगळं विचारून घेतलं. पुढे त्यातून काही निघालं नाही. पण ते पंधरा दिवस यांच्या नोकरीवर माझ्यामुळे गदा येते की काय, या धास्तीत गेले. यांचं म्हणणं एकच, "तू त्याच संध्याकाळी बोललीस म्हणून निभावलं. चार दिवसांनी सांगितलं असतंस तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती."

तेव्हा ज्यांच्या घरी लष्करात, पोलिसांत किंवा संरक्षण कारखान्यात कुणी आहे त्यांनी एवढं करा. असा फोन आला तर, "तुमचा नंबर द्या, हे आल्यावर करतील," असं म्हणून ठेवून द्या. चूक झालीच तर लपवू नका. गणवेशातला फोटो, बदलीचा हुकूम, "हे उद्या निघालेत, घर खायला उठतंय" असले निरोप मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका. जुलै २०२० मध्ये सेनेनं आपल्या लोकांना ८९ ॲप मोबाइलमधून काढायला सांगितली. त्यात फेसबुक, इन्स्टाग्रामही होतं. पण बायकांच्या मोबाइलला हुकूम कोण देणार?

मात्र एक गोष्ट मला पटत नाही, आणि ती मी यांच्यासमोरही बोलते. दर्जाचा शिक्का मारला की आतलं सगळं पवित्र होतं का? २०१७ मध्ये एका पत्रकार बाईंनी आमच्याच कॅम्पात छुप्या कॅमेऱ्यानं चित्रीकरण केलं. जवानांना साहेबांची कुत्री फिरवावी लागतात, मुलं शाळेत पोचवावी लागतात, हे त्यात दिसलं. त्यात दिसलेल्या एका जवानाचा पुढे मृत्यू झाला. सगळं गाव हळहळलं. बाईंवर याच गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. गुपित म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या या कायद्यात नाही. २००५ चा माहितीचा अधिकार मात्र म्हणतो, की लोकहित मोठं असेल तर गुपितांच्या कायद्यातला कागदही दाखवता येतो. तोफेचा पल्ला झाकून ठेवावा, कुत्र्याची साखळी कशासाठी? यावर आमच्याकडे दोनदा अबोला झाला आहे.

हे काम बायकांना जमेल का, असं शाळेत एका आईनं मला विचारलं. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात ना! दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क इथे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडत. तिथली सुमारे तीन-चतुर्थांश माणसं बायका होत्या. १९७४ मध्ये त्यावर पुस्तक निघेपर्यंत त्यांतल्या बहुतेकींनी नवऱ्यालासुद्धा काही सांगितलं नव्हतं. आपल्याकडेही १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर निघालं, त्यात मुली सांकेतिक लिपीचं काम करत. आज गुप्तवार्ता विभागाच्या परीक्षा मुलींना खुल्या आहेत. सिक्युरिटी असिस्टंटला दहावी, त्यावरच्या असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसरला पदवी लागते. निवड झाल्यावर पोलीस घरी, शेजारी चौकशीला येतात. शेजारणींशी भांडण असेल तर आधीच मिटवा!

आमची मुलगी सहावीत आहे. तिला हे काम करायचंय. सध्या मैत्रिणीशी ती 'च'च्या भाषेत बोलते, "चलाम चहीव चदे." परवा दोघी यांच्यासमोर बसून बराच वेळ कुजबुजत होत्या. हे पेपरातून डोकं वर न काढता बसले होते. रात्री दिवा मालवल्यावर हळूच म्हणाले, "ऐकलंस का? उद्या ती मैत्रिणीला गणिताची वही उतरवून घ्यायला देणार आहे."

लग्नाला बारा वर्षं झाली. यांनी मला सांगितलेलं हे पहिलं गुपित.